पेटी ४३२ला उतरवण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावण तोंडावर आला आहे आणि बेळगाव-खानापूर भागातल्या भजनी मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. जगभरचे संगीत ४४० हर्ट्झला (सेकंदाला ४४० कंपनांना) लावलेले असल्यामुळे माणूस बेचैन होतो, ४३२ हा निसर्गाचा सूर आहे, तो कानी पडला की झोप लागते आणि रक्तदाब उतरतो, असे त्यात म्हटले आहे. नुसता मजकूरच असता तर मी लिहिले नसते. पण आता पेट्या (हार्मोनियम) '४३२ला उतरवून' देणारे गावोगाव येऊ लागले आहेत आणि मंडळांच्या वर्गणीतले पैसे त्यांच्याकडे जात आहेत. मी पेटी शिकवतो आणि दुरुस्तही करतो. त्यामुळे गप्प बसणे मला बरोबर वाटत नाही.

आधी उतरवणे म्हणजे काय ते सांगतो. पेटीच्या आत प्रत्येक सुराची एक पितळी पट्टी असते, तिला आपण रीड म्हणतो. रीडचे टोक घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. दोन ओळींच्या साडेतीन सप्तकांच्या पेटीत अशा ऐंशीच्या आसपास रीड असतात. ४४० किंवा ४३२ हा आकडा मधल्या सप्तकातल्या पांढरी सहाचा, म्हणजे सहाव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराचा; बाकीचे सूर त्याच्या हिशेबाने लागतात. म्हणून ४४०वरून ४३२ला यायचे म्हणजे प्रत्येक रीड बुडाशी खरवडायची. खरवडलेले पितळ परत येत नाही. पुढे कोणी पुन्हा ४४० करायचे म्हटले तर टोकाकडून घासावे लागते आणि रीड दोन्हीकडून पातळ होते. जुन्या पेटीची एखादी रीड मग ऐन अभंगात तुटते.

अलीकडेच एका गावात हरिपाठाला दोन पेट्या होत्या, एक उतरवलेली आणि एक तशीच. दोन्हींवर पांढरी सहा एकदम धरली की सूर सरळ उभा राहीना, सेकंदाला आठ वेळा हेलकावत होता. ४४० वजा ४३२ म्हणजे आठ, तेवढेच हे हेलकावे. पखवाज जुळवून घेता आला, पण बासरीवाल्या मुलाने बासरी पिशवीत घालून ठेवली. तो तरी काय करणार? बासरीची भोके सरकत नाहीत.

आता या आकड्यांचा इतिहास. ४४० हा आकडा हिटलरच्या माणसांनी लोकांना बिथरवण्यासाठी लादला, असेही त्या मजकुरात आहे. ते खोटे आहे. जर्मनीत स्टुटगार्टच्या परिषदेत योहान शायब्लर यांनी ४४०ची शिफारस केली ती १८३४ साली. फ्रान्सने १८५९मध्ये कायद्याने ४३५ ठरवला. इटलीचा संगीतकार व्हर्डी १८८४मध्ये ४३२च्या बाजूने उभा राहिला हे खरे. पण त्याची तक्रार अशी होती की वाद्यवृंद सूर चढवत चालले आहेत आणि त्यात गाणाऱ्यांचे गळे ताणले जातात. त्यात गूढ काही नव्हते. १९३९च्या लंडन परिषदेत ४४०वर एकमत झाले. ४३९चीही चर्चा होती, पण ४३९ ही मूळ संख्या असल्यामुळे विद्युत यंत्रातून भागाकार-गुणाकार करून ती काढणे अवघड होते. १९५५ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने त्याच ४४०वर शिक्का मारला. ही सगळी वाद्य बनवणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्यांची सोय आहे.

शिवाय हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला किती कंपने. दिवसाचे २४ तास, तासाची ६० मिनिटे, मिनिटाचे ६० सेकंद ही वाटणी माणसाने केली. सेकंद थोडा मोठा ठरला असता तर तोच सूर ४३२ न राहता वेगळ्याच आकड्याचा झाला असता. मग त्या आकड्यात निसर्गाचे काय गुपित असणार? पृथ्वीचा सूर ८ हर्ट्झचा आहे, म्हणून त्याच्या पटीतला ४३२ पवित्र, असेही सांगतात. ज्याला ते पृथ्वीचा सूर म्हणतात ते शुमान कंपन ७.८३ हर्ट्झच्या आसपास असते आणि ते विद्युतचुंबकीय आहे. तो आवाज नव्हेच.

आपल्या गाण्यात तर षड्ज (सा) कुणी बांधून दिलेलाच नाही. एक बुवा काळी एकला गातात, दुसरे पांढरी दोनला, बाया काळी चार-पाचला. काळी एकवरून पांढरी एकवर आले की सूर अर्ध्या स्वराने खाली येतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर ४४० आणि ४३२मध्ये जेमतेम ३२ भागांचे अंतर पडते. म्हणजे घसा बसला म्हणून बुवांनी पट्टी एक घर खाली घेतली, तर ते त्याच्या तिप्पट खाली येतात. गायिका गंगूबाई हनगल यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर पार बदलला, खाली उतरला, आणि त्याच आवाजाने त्यांनी पुढची कित्येक वर्षे मैफली गाजवल्या.

आरोग्यावर परिणाम होतो का, याची तपासणी झालेली आहे. इटलीत ३३ जणांना तेच संगीत दोन्ही सुरांत ऐकवण्याचा एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. ४३२ला हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी पाचेकने कमी आढळले. रक्तदाबातला फरक मात्र इतका थोडा होता की त्यावरून काही ठरवता येत नाही. करणाऱ्यांनी स्वतःच त्याला प्राथमिक प्रयोग म्हटले आहे. आमच्या ओळखीतल्या एका वयस्कर टाळकऱ्यांनी एका शिबिरात ४३२चे गुणगान ऐकून रक्तदाबाची गोळी बंद केली, तेव्हा असल्या प्रयोगांची नावे त्यांना सांगितली गेली होती. सुदैवाने मुलाच्या लक्षात आले. संथ लयीत, लांब श्वास सोडत भजन म्हटले की जीव शांत होतो हा माझाही अनुभव आहे, पण तो कुठल्याही पट्टीत होतो. याच बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेल्या गायक कुमार गंधर्वांना क्षय झाला, काही वर्षे गाणे बंद पडले. हवापालटाला ते देवासला गेले, पण त्यांना उठवले ते स्ट्रेप्टोमायसिनने. त्यांच्याइतका सुराचा शोध घेणारा माणूस औषधावर विसंबला.

पेटीच्या सुरात खरा प्रश्न नाही असे मी म्हणत नाही. तो प्रश्न गंधाराचा (ग) आहे. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा त्या शंभरातले १४ भाग चढा असतो. पंचमात (प) फरक दोनच भागांचा, म्हणून तो खटकत नाही. मिरजेचा, जवारी लावलेला (तारा झणकाराव्यात म्हणून घोडी जुळवलेला) तंबोरा छेडा, खर्जाच्या तारेतून निघणारा गंधार कान देऊन ऐका आणि मग पेटीचा गंधार दाबा. कान तयार नसला तरी काहीतरी घासते आहे हे कळते. यावर आपल्याच भागात जन्मभर काम झाले आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले सूर मोजून २२ श्रुतींची (सप्तकातल्या बारीक सुरांची) मांडणी केली, इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स त्यांच्या जोडीला आले आणि श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावरून वाद झडले. १९४०मध्ये रेडिओवर पेटीला बंदी आली ती बहुतांशी याच कारणांनी, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडावे लागले. तरीही बेळगावात पं. रामभाऊ विजापुऱ्यांसारख्यांनी हीच पेटी साथीला घेऊन हयात काढली. जाणता साथीदार गायकाच्या गंधारावर जोर देत नाही, सूर दाखवून बाजूला होतो. हे मुलांना शिकवण्यात माझे निम्मे आयुष्य गेले. पेटी सरसकट ४३२ला उतरवली तरी गंधार तेवढाच चढा राहतो, कारण सगळेच सूर एकत्र खाली येतात.

माझी मंडळांना विनंती आहे. ४३२ ऐकायचाच असेल तर इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची कळ थोडी खाली फिरवा, पैसा लागत नाही. पेटी घासू देऊ नका. ज्यांनी उतरवून घेतली आहे त्यांनी ती लगेच परत चढवण्याच्या नादी लागू नये. दुसरी पेटी किंवा बासरी नसेल तिथे ती आहे तशी वाजवावी आणि जोडीने वाजवायची वेळ आली तरच पेटी जुळवणाऱ्या जुन्या कारागिराला दाखवावी. गोळ्यांचे मात्र डॉक्टरांनाच विचारावे.

आपला,
एक पेटीशिक्षक
शहापूर, बेळगाव