शर्ट सापडला, पण मिळाला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत 'आरएफआयडी'ने (म्हणजे वस्तूवरचा चिपचा टॅग रेडिओ लहरींनी वाचायच्या पद्धतीने) किरकोळ विक्रीची पुरवठा साखळी कशी सुधारली, यावर अर्धे पान खर्ची पडले आहे. लेखकाने मेहनत घेतली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सोबतचा फोटो कुणी निवडला? त्यातल्या मुलीच्या हातातले पिस्तूल बारकोड वाचायचे आहे हो, लाल रेघसुद्धा स्वच्छ दिसते आहे. ज्या यंत्राला मागे टाकले म्हणून लेख लिहायचा, त्याचाच फोटो तीन कॉलम छापायचा!

फरक बारीक नाही. बारकोड यंत्रासमोर धरावा लागतो, एकेक. त्यातही एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या सगळ्या शर्टांवर एकच आकडा असतो. टॅगमध्ये प्रत्येक नगाचा वेगळा क्रमांक असतो. त्याला बॅटरी लागत नाही. रीडरच्या, म्हणजे वाचणाऱ्या यंत्राच्या, लहरींवरच तो जागा होतो आणि बंद खोक्यातूनही आपला क्रमांक सांगतो. मी नोकरीभर एका औषध कारखान्याचे स्टोअर सांभाळले. बिन कार्डावर (रॅकला लावलेल्या नोंदीच्या कार्डावर) चाळीस आणि रॅकमध्ये सदतीस हा मार्चअखेरचा तमाशा मी पाहिलेला आहे. त्यामुळे काही मिनिटांत अख्ख्या दुकानाची मोजणी म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. फक्त 'कोणतीही वस्तू' अशी मोजता येते, असे जे छापले आहे ते जरा जपून. द्रवाच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे या लहरींना चांगलेच नडतात. कपड्यांवर टॅग आधी रुजले ते काही उगाच नाही.

आता कपड्यांचेच ऐका. दिवाळसणाला जावयासाठी शर्ट घ्यायचा होता. एका मोठ्या साखळी दुकानाच्या ॲपवर मुलीने पसंत करून ठेवला होता. निळी चौकट, माप 42, 'आपल्या जवळच्या शाखेत उपलब्ध'. दुकानाचे नाव लिहीत नाही, तुम्ही छापणार नाहीच. गेलो. रॅकवर 38 होते, 40 होते, 44 तर ढिगाने. 42 नाही. तिथल्या मुलाने टॅब पाहिला, म्हणाला, ''काका, दोन पीस दाखवतंय.'' मग तो हातातले रीडर घेऊन निघाला, मी त्याच्या मागे. यंत्र टक् टक् वाजत होते आणि शर्ट जसजसा जवळ येई तसतसा आवाज भराभर होई. ट्रायल रूम ओलांडली, आरसा ओलांडला, आणि मागच्या खोलीच्या दारापाशी ते यंत्र अक्षरशः किंचाळायला लागले. मुलगा आनंदाने म्हणाला, ''बघा काका, आतच आहे!''

मग आण की बाबा!

तर आतल्या खोलीत खोकी छतापर्यंत रचलेली. आतला माल काढणारा मुलगा एकच, त्याला त्या दिवशी दुसऱ्या शाखेत पाठवलेला. या मुलाला खोकी फोडायची परवानगी नाही. मॅनेजर आले, फार सभ्य माणूस. म्हणाले, ''सर, ऑनलाइन ऑर्डर करा ना, तीन-चार दिवसांत घरपोच येईल.'' म्हणजे शर्ट माझ्यापासून दहा पावलांवर पडलेला, यंत्र त्याच्या नावाने बोंबलते आहे, आणि मी त्याचाच जुळा भाऊ कुठल्या तरी गोदामातून मागवायचा. तो टेम्पोत बसून याच दुकानावरून माझ्या घरी जाणार. याला तुमच्या लेखात 'कार्यक्षमता' म्हटले आहे.

यातली खरी मेख लेखात आलेलीच नाही. पूर्वी पुस्तकी शिल्लक चुकीची असे आणि त्यामुळे घोळ होई. आता शिल्लक बिनचूक आहे, घोळ तिच्यामुळेच. संगणकाच्या लेखी त्या दुकानात 42 मापाचे दोन शर्ट आहेत. खरेच आहेत. म्हणून तो नवे पाठवत नाही. रॅक रिकामा, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत, आणि मुख्यालयात हिशेब चोख.

लेखात वॉलमार्ट या अमेरिकी साखळी दुकानाचा दाखला आहे. 2003 मध्ये त्यांनी आपल्या सर्वांत मोठ्या 100 पुरवठादारांना बजावले की जानेवारी 2005 पासून खोकी आणि पॅलेट (खोकी रचायच्या लाकडी फळ्या) टॅग लावूनच पाठवा. पुढे आर्कान्सा विद्यापीठाच्या पाहणीत, टॅग असलेल्या दुकानांत माल संपलेला असण्याचे प्रमाण 16 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हा आकडा तुम्ही चौकटीत, ठळक टाइपात दिला. तो आला कसा, ते मात्र गाळले. तिथे माल उतरवायच्या दारावर रीडर होते, मागच्या खोलीतून दुकानात यायच्या दारावर होते, रिकामी खोकी दाबायच्या यंत्रावरही होते. त्यावरून कुठले खोके अजून मागेच पडून आहे ते कळे आणि 'हे बाहेर काढा' अशी यादी निघे. ती यादी हातात घेऊन खोके बाहेर आणायला माणूस होता! टॅगने यादी केली, खोके माणसाने आणले. आमच्याकडे यादी करणारे यंत्र घेतले आणि खोके आणणारा माणूस कमी केला.

(पुरवठादारांना हे टॅग कुणाच्या खर्चाने लावावे लागले, यावरही एखादी ओळ चालली असती. तेव्हा तिकडे त्यांनी बरीच कुरकुर केली होती. दुकानदाराचा फायदा आणि पाठवणाऱ्याचा खर्च, हे गणित आपल्याकडच्या शिवणाऱ्यांनाही ठाऊक आहे.)

पूर्वी कल्याणात कापडाच्या दुकानात मालक नुसती हाक मारी आणि पोऱ्या माळ्यावर चढून गठ्ठा खाली टाकी. ते लोकही 'कालच संपला हो' असे सर्रास खोटे बोलत, त्यांचे गोडवे मला गायचे नाहीत. पण 'आहे, पण देता येत नाही' असे तोंडावर सांगण्याची त्यांची हिंमत नव्हती.

असो. गेलोच होतो म्हणून हातरुमाल घेतले, तर काउंटरवर दुसरा प्रकार. ''मोबाइल नंबर?'' कशाला? ''सर, त्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही.'' केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2023 मध्येच दुकानांना सांगितले आहे की नंबरसाठी गिऱ्हाइकाला अडवू नका. मी तसे म्हटल्यावर मागच्या रांगेतली मंडळी माझ्याकडेच रागाने बघू लागली. बिल शेवटी काउंटरवरच्या पोरीने स्वतःचा नंबर टाकून केले. म्हणजे सिस्टीमला नंबर लागतो, माझाच असे काही नाही.

आणि हे दोन्ही जोडून पाहा. वस्तूचा क्रमांक त्यांच्याकडे आहे, गिऱ्हाइकाचा नंबरही हवा आहे. कपड्यांतल्या टॅगवरून 2003 मध्ये युरोप-अमेरिकेत बेनेटन या कपड्यांच्या कंपनीविरुद्ध ओरड झाली होती ती याच भीतीने, की टॅगवरून घालणाऱ्यावर पाळत ठेवली जाईल. टॅग कायमचा बंद करण्याची आज्ञा त्याच्या रचनेतच असते. बिल झाल्यावर आपल्याकडची किती दुकाने ती देतात? तुमच्या लेखकाने इतक्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले, हा एक विचारायचा राहिला. लेखाचा उत्तरार्ध पुढच्या आठवड्यात आहे, असे खाली छापले आहे. त्यात हे उत्तर द्यावे, आणि नंबर न मागता बिल करणाऱ्या दुकानांची यादीही. जागा नसेल तर फोटो लहान करा.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर, कल्याण (प.)