ताई, त्या पाठकोऱ्या चिठ्ठ्यांबद्दल

प्रिय ताई,

फोनवर तुम्ही मला नीट आभार मानूच दिले नाहीत. "अहो, त्यात काय एवढं! पुढच्या कुणाला तरी सांगा म्हणजे झालं," असं म्हणून तुम्ही थेट सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी सुरू केलीत. म्हणून हे उघड पत्र. मनातलं सगळं एकदा सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. आणि त्यातून पुढच्या कुणाच्या हाती काही लागलं, तर तुमचाही शब्द राहील.

आम्ही चौघं, मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई, फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड बघून आलो. 1989 साली गोराईला एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन पार्क सुरू झालं तेव्हा माझा नवरा शाळेत होता. बोरिवलीहून जेटी गाठायची, बोटीने पलीकडे जायचं, यातच त्याला अर्धा आनंद मिळायचा. "एकदा खरं डिस्ने बघायचं" हे तेव्हापासूनचं. आरडीत पैसे साठवले, बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये व्हिसाची रांग झाली आणि अखेर जमलं. आईला सोबत न्यायचं हा त्याचा हट्ट. सासूबाईंची पंचाहत्तरी झाली आहे. त्या शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. जेवणाआधीची गोळी वेळेवर लागते. इंग्रजी येत नाही. हे सगळं आम्ही टूर कंपनीला सुरुवातीलाच सांगितलं होतं, त्यांच्या फॉर्मवर लिहूनही दिलं होतं.

त्या कंपनीचं नाव घेत नाही. पण एवढं लिहिणारच, की पैसे भरेपर्यंत त्यांचा माणूस रोज फोन करायचा, आणि भरल्यानंतर आमचा फोन उचलायला तिथे कुणी नसायचं. जेवणाचे पैसे आगाऊ भरायचा तो डायनिंग प्लॅन त्यांनीच पॅकेजात घातला. "मॅडम, जेवण सगळं पेड आहे, तुम्ही फक्त कार्ड दाखवायचं." कुठे दाखवायचं, दाखवल्यावर काय मिळतं, सासूबाईंच्या ताटात काय पडणार, या सगळ्याला एकच उत्तर: "तिकडे गेल्यावर कळेल." शाकाहाराचं विचारलं तर "फ्राइज असतातच की." पंचाहत्तरीतल्या बाईने सगळा मुक्काम फ्राइजवर काढायचा? आज लिहितानाही माझा संताप होतो. तिथल्या टेबलावर बसून जेवायच्या रेस्टॉरंटांचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, हेही त्यांनी सांगितलं नाही. आम्हाला तुमच्याकडून कळलं तोवर चांगल्या वेळा बऱ्याचशा गेल्या होत्या.

नातेवाइकांचीही फारशी मदत झाली नाही. जे आधी जाऊन आले होते ते जुने नियम सांगत होते. हा प्लॅन 2020 मध्ये कोरोनात बंद पडला आणि जानेवारी 2024 मध्ये बदललेल्या रूपात परत आला, हे त्यांच्या गावी नव्हतं.

आणि मग तुम्ही. ठाणे लोकलचा लेडीज डबा, तुम्ही भांडुपला चढायचात. इतकी वर्षं आपण एकाच डब्यातून जातोय, पण "कुठे उतरणार?" यापलीकडे आपलं बोलणं कधी गेलं नव्हतं. त्या सकाळी कंपनीच्या माणसाशी वाद घालून मी फोन पर्समध्ये टाकला, तेव्हा माझा आवाज गेला होता. तुम्ही चौथ्या सीटवर टेकला होतात. माझ्याकडे वळून म्हणालात, "डिस्नेचा डायनिंग प्लॅन ना? मुलीबरोबर गेलो तेव्हा आम्हीही घेतला होता. सोपा आहे हो, कुणी नीट सांगितलं तर." आणि लगेच विचारलंत, "सासूबाई जेवतात किती वाजता?"

ताई, इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

त्यानंतर घाटकोपर ते दादर तुम्ही जे सांगितलंत ते मी मोबाइलमध्ये टिपत गेले. रात्री मोजायच्या, दिवस नाही. जितक्या रात्रींचा मुक्काम तितक्या पट जेवणं माणशी खात्यात येतात. काउंटरवरून घ्यायचं एक, बसून खायचं एक आणि एक स्नॅक, असा एका रात्रीचा हिशोब. त्याहून स्वस्त प्लॅनमध्ये दोन्ही जेवणं काउंटरवरची. सगळी एकदम जमा होतात, रोज सारखीच वापरली पाहिजेत असं नाही. पण निघायच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत जी उरतील ती गेली, पैसे परत नाहीत. फार थाटाच्या ठिकाणी एकाच जेवणाला दोन कापतात. टिप यात धरलेली नसते, ती वेगळी काढून ठेवा. स्नॅक पाण्याच्या बाटलीवर घालवू नका, काउंटरवर मागितलं की गार पाण्याचा ग्लास फुकट देतात. प्लॅनबरोबर जो मोठा मग मिळतो तो हॉटेलातच भरायचा, पार्कात त्याचा उपयोग नाही. घरचा कोरडा खाऊ पार्कात नेता येतो, फक्त काचेची बरणी नको. हे शेवटचं मी घरी सांगितलं आणि सासूबाईंनी त्याच संध्याकाळी दशम्यांसाठी गूळ चिरायला घेतला.

पण ही माहिती एक वेळ मला दुसरीकडेही सापडली असती. जे कुठेच सापडलं नसतं ते तुम्ही पुढच्या आठवड्यात पर्समधून काढून माझ्या हातावर ठेवलंत.

जुन्या लग्नपत्रिकांचे पाठकोरे भाग तुम्ही सारख्या मापात कापले होते. कोपरे टोचू नयेत म्हणून कात्रीने गोल केले होते. प्रत्येकाला पंचने भोक पाडून ऑफिसच्या फायलीला लावतात त्या हिरव्या टॅगमध्ये ओवले होते. एका बाजूला काळ्या स्केचपेनने ठळक मराठी, चष्मा नसला तरी वाचता येईल असं, आणि मागे तेच इंग्रजीत. "मी शाकाहारी आहे. अंडं, मासे, चिकन, मटण यातलं काही चालत नाही. मला काय घेता येईल?" "कृपया कोमट पाणी द्या." "माझी गोळीची वेळ झाली आहे, मला बसायला जागा हवी आहे." एकीवर "माझी माणसं चुकली आहेत, माझ्या मुलाला फोन करा" आणि खाली नंबरासाठी रिकामी ओळ. काहींवर फक्त मराठी, सासूबाईंच्या माहितीसाठी: "टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर, खुशाल खा." "मार्शमेलोत जिलेटिन असतं, ते प्राण्याचं, घेऊ नका."

आणि अगदी शेवटची चिठ्ठी, जिच्यामागे इंग्रजी नव्हतं: "मावशी, पैसे मुलाने आधीच भरलेत. रुपये करायचे नाहीत. पोटभर जेवायचं."

मी ती ट्रेनमध्येच वाचली आणि तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "माझी आई तिथे अर्धपोटी राहिली हो. प्रत्येक पाटीवरच्या डॉलरचे रुपये करायची आणि म्हणायची, मला भूक नाही." आणि दादर आलं, तुम्ही उतरलात.

आमच्याकडेही तेच झालं असतं, ताई. सासूबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांना वाढून मग स्वतःचं पान घेतलं आहे. परदेशात, मुलाच्या पैशांवर, दहा-पंधरा डॉलरचा भात त्यांच्या घशाखाली उतरला नसता. आम्ही कितीही सांगितलं असतं तरी "तुम्ही खा, मला दशमी आहे" हेच ऐकायला मिळालं असतं. मुलाचं आणि सुनेचं सांगणं त्यांना प्रेमाचं वाटतं, पण खरं वाटत नाही. तुमचं त्यांना खरं वाटलं. न बघितलेल्या बाईने, स्वतःच्या हाताने, पाठकोऱ्यावर लिहून दिलं होतं ना.

डिस्ने वर्ल्डच्या ॲनिमल किंगडम या पार्कात पँडोरा नावाचा भाग आहे, तिथे सातुली कँटीन आहे, काउंटरवरून जेवणाचा बाउल घ्यायचा. नवरा आणि मुलगा राइडच्या रांगेत, सासूबाईंची गोळीची वेळ झालेली, म्हणून आम्ही दोघी आत गेलो. मी बोलायला पुढे सरकले तर त्यांनी हाताने मला थांबवलं. पदराखालून टॅग काढला, चिठ्ठ्या एकेक करून चाळल्या, हवी ती वर घेतली आणि काउंटरवरच्या मुलापुढे धरली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. इंग्रजी वाचलं, मग उलटून आपली देवनागरीही बघितली, आणि आतल्या एका बाईंना बोलावून आणलं. त्या बाई मेन्यूवर बोट ठेवून विचारत होत्या आणि सासूबाई मान हलवून हो-नाही सांगत होत्या, मधे मी कुठेच नव्हते. भात, भाज्या आणि टोफू ठरला. खोलीचं कार्ड त्यांनी स्वतः काढून मशीनला लावलं. पावती आली ती घडी करून टॅगमध्येच खोचली.

टेबलाशी बसल्यावर त्यांनी टोफूची चिठ्ठी पुन्हा एकदा काढून वाचली आणि मग पहिला घास घेतला. पूर्ण बाउल संपवला. किती पैसे झाले असतील, हे त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

पुढे मॅजिक किंगडम या दुसऱ्या पार्कात त्यांना ते अननसाचं आइस्क्रीम, डोल व्हिप, इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी त्याच मला विचारू लागल्या, "माझे ते खाऊचे किती उरलेत गं? मध्यरात्रीनंतर जातात म्हणे." घरात शेवटची पोळी कधी स्वतःच्या पानात न घेणारी बाई आपल्या वाट्याचं मागत होती. माझ्या नवऱ्याला ते ऐकून बोलता येईना.

तुम्ही सांगितलंत म्हणून डिस्नेच्या ॲपवर लक्ष ठेवून होतो. कुणीतरी बुकिंग सोडलं आणि सना या बसून जेवायच्या रेस्टॉरंटमध्ये एका दुपारची जागा मिळाली. खिडकीबाहेर जिराफ चरताहेत आणि टेबलावर नान, पापड, चटण्या. मुलगा जिराफांकडे बघत होता, सासूबाई चटणीत चिंच आहे की आमचूर याचा शोध घेत होत्या.

मी तेव्हापासून विचार करतेय. कंपनीकडे आमचा छापील फॉर्म होता, आहाराच्या रकान्यात टिक केलेला, त्यावर आमच्या सह्या होत्या, आणि आमचे पैसे त्यांच्या खात्यात होते. तुमच्याकडे काय होतं? गर्दीत कानावर पडलेलं अर्धं बोलणं. तरी माझी सासू तुम्हाला दिसली आणि त्यांना दिसली नाही. या शहराला माणुसकी नाही असं म्हणणाऱ्यांनी आपल्या डब्यात एकदा उभं राहून बघावं. दादरला चढणाऱ्या बाईचं मूल आधी आत घेतलं जातं, मग बाई. कुणाची बॅग कुणाच्याही मांडीवर असते. बाळंतपणाला टेकलेल्या मुलीला न मागता खिडकी मिळते. त्याचे फोटो कुणी काढत नाही, आणि आभार मानायच्या आत मदत करणारी उतरून गेलेली असते. तुम्ही त्या सगळ्या जणींतल्याच, पण एक पाऊल पुढच्या. तुम्ही रात्री जागून कात्री घेऊन बसलात, एका अशा म्हातारीसाठी जिचा चेहराही तुम्ही पाहिला नव्हता.

आमच्या इमारतीतलं एक कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत तिकडेच निघालंय, त्यांच्याकडेही आजी आहेत. त्यांनी तुमच्या चिठ्ठ्या मागितल्या. सासूबाईंनी झेरॉक्स काढून दिली, मूळ संच हातचा सोडला नाही. तुमचा "म्हणजे पुढच्या कुणाला सांगा" तिथून सुरू झाला असं समजा.

सासूबाईंचा निरोप असा, की तुम्ही घरी जेवायला यायचं आहे. पुरणपोळी करू की उकडीचे मोदक, एवढंच त्यांना कळवा, म्हणजे त्या तयारीला लागतील. मेतकूट कालच दळून आणलंय, त्यातली एक बरणी तुमच्या नावाची आहे. तिखट कितपत चालतं तेही सांगा. रविवार सोयीचा नसेल तर वार तुम्ही ठरवा, भांडुप ते मुलुंड काही लांब नाही. गुडघे बरे आहेत, चौकशी तुम्ही आल्यावर समक्ष करा.

तुमची,
मुलुंडची सहप्रवासी