छत्तीस त्रिक एकशे आठ

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलेल्या प्रश्नाला मी धड उत्तर दिले नाही. "विमान आपोआपच उतरते, तर रात्रीअपरात्री तिथे तू कशाला हवीस?" असे ते म्हणाले, आणि त्या प्रश्नामागे माझ्या जमिनीवरच्या नोकरीची आशा होती, हे मला कळत होते. म्हणून आधी तेच सांगते. ती नोकरी मी नाकारली आहे आणि कॅप्टनच्या प्रशिक्षणाला होकार कळवला आहे. तुम्हाला विचारून मगच सही करायला हवी होती. पण आईचा आवाज ऐकला असता तर माझ्याच्याने सही झाली नसती. तुम्हाला डावलण्याचा हेतू मुळीच नव्हता, एवढे माना.

नऊ वर्षे सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत बसल्यावर कॅप्टनची डावीकडची खुर्ची नाकारली, तर ती पुन्हा केव्हा मिळेल याचा भरवसा नसतो. कार्यालयातले काम पाच वर्षांनीही मागता येईल. पगार वाढेल, म्हणजे बाबांच्या तपासण्यांच्या वेळी कोणाला हिशेब करत बसावे लागणार नाही. ही कारणे खोटी नाहीत, पण मुख्य कारण बाबांच्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे.

ऑटोपायलट विमान खाली आणतो, हे बरोबर आहे. मात्र तो सांगितले तेवढेच करतो, आणि सांगणाऱ्याचे चुकले असेल तर चुकीचेही तितक्याच सफाईने करतो. बाबांनी वाचलेला कोलंबियातला अपघात असाच होता. २० डिसेंबर १९९५ च्या रात्री मियामीहून आलेले बोइंग ७५७ काली शहराकडे उतरत होते. समोरच्याच धावपट्टीवर सरळ उतरण्याची मुभा मिळाली. वाट जवळची झाली, तसा हाताशी असलेला वेळही कमी झाला. विमानांना दिशा दाखवणाऱ्या रोझो नावाच्या रेडिओ केंद्राकडे जाण्यासाठी कॉम्प्युटरमध्ये 'आर' हे एकच अक्षर भरले गेले, आणि कॉम्प्युटरने त्या अक्षराचे बोगोटाजवळचे, शंभराहून अधिक मैल दूर असलेले रोमियो केंद्र घेतले. विमान निमूटपणे डावीकडे वळले आणि वळतानाही खाली येत राहिले. चूक ध्यानात आल्यावर ते उजवीकडे फिरवले, पण तोवर मध्ये डोंगर आला होता. धोक्याची सूचना ऐकून वैमानिकांनी पूर्ण ताकद लावली, तरी उतरताना उघडलेले स्पीडब्रेक, म्हणजे वेग रोखणारे पंखांवरचे पत्रे, तसेच उघडे राहिले होते. १५९ माणसे गेली.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. पुढे विमानांमध्ये भूभागाची माहिती साठवून डोंगर जवळ येण्याच्या बऱ्याच आधी सावध करणारी यंत्रणा आली. मार्ग बदलायचा झाला, तर आमच्यातल्या एकाने तो भरायचा, दुसऱ्याने नकाशावर पाहून दुजोरा द्यायचा आणि मगच तो लागू करायचा, ही आमची शिस्त आहे. दोघांपैकी एक जण विमान चालवतो आणि दुसऱ्याचे काम पाहत राहण्याचे असते. या पाहण्याला लोक रिकामे बसणे समजतात, याचे मला फार वाईट वाटते. बाबा, हे तुम्हाला उद्देशून नाही.

विमानतळ समुद्रसपाटीजवळ असेल आणि आम्ही ३६,००० फुटांवर असू, तर हजारांचा आकडा तीनने गुणायचा: छत्तीस त्रिक एकशे आठ. म्हणजे सुमारे १०८ सागरी मैल आधी खाली यायला लागायचे. वेग कमी करण्यासाठी त्यात काही मैल मिळवायचे, वारा पाठीमागून असेल तर आणखी काही. कॉम्प्युटर हा बिंदू स्वतःच काढतो, तरीही मी दर वेळी मनात पाढा म्हणते आणि दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहते. मग ३० मैलांवर १०,००० फूट, १५ मैलांवर ५,०००, असे धावपट्टीपर्यंत पाहत जाते. अल्टिमीटरमध्ये, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या यंत्रात, हवेचा दाब १० हेक्टोपास्कलने चुकीचा लावला, तर उंची जवळजवळ ३०० फुटांनी चुकते. म्हणून तो आकडाही आम्ही दोघे मोठ्याने म्हणतो. १०,००० फुटांखाली कामाव्यतिरिक्त एक शब्दही बोलायचा नसतो.

आई, तू शिवणयंत्रावर बसलेली असायचीस, माझ्याकडे तुझी पाठ असायची, आणि तरी सतरा सत्ते चुकले की तुझ्या हाताखालचे चाक थांबायचे. तू ओरडायची नाहीस, मागे वळूनही पाहायची नाहीस. यंत्र थांबले की मी मुकाट्याने मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे, आणि बरोबर आले की चाक पुन्हा फिरू लागायचे. त्या चाकाचा आवाज मला अजूनही पाढ्याबरोबर ऐकू येतो.

उतरताना १,००० फुटांवर वेग, मार्ग आणि खाली येण्याचा दर ठरल्याप्रमाणे नसेल, तर विमान पुन्हा वर न्यायचे असते. त्या वर्षी आपण तिघे परत येत असताना विमान धावपट्टीजवळून वर गेले आणि तू बाबांचा हात धरलास. तेव्हापासून माझ्या उड्डाणाच्या रात्री तू जागी असतेस, हे मला ठाऊक आहे. मी शेजारी बसून काहीच समजावले नाही, ही माझी चूक झाली. आई, त्या रात्री पुढे बसलेल्या कोणीतरी वेळेवर चाक थांबवले होते.

माझी आबाळ होत नाही. दोन उड्डाणांमधली विश्रांती नियमाने बांधलेली असते, खोलीला जाड पडदे असतात, जेवण गरम मिळते आणि भर दिवसाही मला गाढ झोप लागते. शिवाय प्रशिक्षणाचा मोठा भाग सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच आहे.

आता माझे ऐका. बाबांनी रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा बाहीवरून बांधायचा नाही. पाच मिनिटे शांत बसायचे, उघड्या दंडावर पट्टा बांधायचा, मोजताना बोलायचे नाही, आणि आकडा आईने वाचून वहीत लिहायचा. आकडा चांगला आला म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही. मागच्या वेळचे पुन्हा नको. आईने दिवा लावल्याशिवाय आणि कठड्याला हात धरल्याशिवाय जिना उतरायचा नाही, मग खाली कोणीही हाक मारत असो.

प्रशिक्षण सोमवारी सुरू होईल. निघण्यापूर्वी मी फोन करेन. आईने रागावून का होईना, पण बोलावे.

तुमची,
मनू