रिओला जायला करोडपती असावं लागत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला दक्षिण अमेरिकेच्या सहलीवरचा लेख वाचला आणि खरं सांगते, वाईट वाटलं, म्हणून लिहायला बसले. फोटो फार सुंदर होते, पण सगळ्या लेखाचा सूर असा की हे म्हणजे रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यावर आयुष्यात एकदाच करायचं, आणि तेही चौदा दिवसांत चार देश उरकून. दुसऱ्याच दिवशी आमच्या नेरुळच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमध्ये एक ताई भेटल्या त्या म्हणाल्या, "तुम्ही कशा काय गेलात हो तिकडे, ते तर आठ लाखांचं काम आहे." नाहीये आठ लाखांचं. म्हणजे असं की आम्हालाही एका टूरवाल्याने माणशी साडेसात लाख सांगितले होते, पण त्यात अर्धा वेळ विमानतळावर आणि बसमध्येच जाणार होता, ते पत्रक बघूनच कळत होतं.

मी, माझी जाऊबाई आणि भाची, तिघी गेल्या मे महिन्यात ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोला जाऊन आलो. दहा रात्री राहिलो, एकच शहर, दुसरीकडे कुठे गेलो नाही. माणशी एक लाख नव्वद हजारांच्या आत बसलं सगळं, विमान, व्हिसा, इन्शुरन्स, राहणं, खाणं, तिकिटं सगळं धरून. ही रक्कम पण लहान नाही, मला कळतं, मी पतपेढीत नोकरी करते, लोक वीस हजारांच्या कर्जासाठी किती फेऱ्या मारतात ते रोज बघते. आमची बारा जणींची पाच हजारांची भिशी आहे, वर्षातनं एकदा साठ हजार हातात येतात, ते तीन वर्षं मी हात न लावता बाजूला ठेवले आणि वरचे दहा हजार दिवाळीच्या बोनसमधले. एवढंच. जाऊबाईंनीही तसंच केलं.

सगळ्यात मोठा खर्च विमानाचा. मुंबईहून थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं. अमेरिकेतनं जायचं तर नुसतं विमान बदलायलासुद्धा त्यांचा व्हिसा लागतो, युरोपचंही देशागणिक बघावं लागतं, म्हणून भाचीने आखात नाहीतर आफ्रिका असंच शोधलं आणि आम्ही अदिस अबाबावरून साओ पाउलोला उतरलो. रिओपर्यंतचं तिकीट काढलं असतं तर माणशी बरेच जास्त लागत होते. साओ पाउलो ते रिओ साधारण साडेचारशे किलोमीटर, बसने सहा तास, बस आपल्या शिवनेरीपेक्षाही आरामाची, पाय लांब करून झोपता येतं. थकवा येतो, खोटं कशाला बोलू, पण वाटेतले डोंगर बघून मला तर कसारा घाटच आठवला.

आता मुख्य गोष्ट, राहायचं कुठे. सगळे म्हणतात कोपाकबाना नाहीतर इपानेमा, म्हणजे रिओतले चौपाटीचे भाग. तिथले भाव आम्हाला झेपणारे नव्हते. मग भाचीने नकाशा उघडला आणि म्हणाली, मावशी हे बघ, रिओच्या समोर खाडीपलीकडे नितेरॉय नावाचं गाव आहे, आपलं नवी मुंबई आहे ना अगदी तसं. आणि खरंच तसंच निघालं! मधे ग्वानाबाराची खाडी, त्यावर १९७४ साली बांधलेला तेरा किलोमीटरचा पूल, आणि सकाळी ऑफिसला जाणारी माणसं बोटीने वीस मिनिटांत पलीकडे रिओच्या धक्क्यावर. आपला अटल सेतू झाला २०२४ मध्ये, त्यांच्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच पूल, पण त्याहून मला त्या बोटीचं जास्त कौतुक वाटलं. मोठी बोट, बाकं, खिडकीशी बसून कुणी डुलकी काढतंय, कुणी डबा सांभाळतंय, कुणी मोबाइलवर भांडतंय, आणि धक्का जवळ आला की बोट लागायच्या आधीच सगळे दरवाज्याशी उभे. अगदी वाशी गेल्यावर मानखुर्दला उतरणारे उभे राहतात तसे. जाऊबाई मला म्हणाल्या, अगं आपण घरीच आहोत.

नितेरॉयमध्ये इकाराई भागात दोन खोल्यांचं घर घेतलं, तिघींत वाटून माणशी दिवसाला सोळाशे रुपये पडले. स्वयंपाकघर होतं, सकाळचा चहा-पोहे घरीच (पोहे, मसाला, चहापत्ती नेरुळहूनच नेली). आणि फायदा बघा, गॅलरीतनं समोर रिओचे डोंगर आणि कोर्कोवादो डोंगरावरचा तो येशूचा पुतळा दिसतो. याचं महत्त्व आम्हाला उशिरा कळलं. आम्ही वर जायचं तिकीट आधीच ठरावीक दिवसाचं काढून ठेवलं होतं आणि नेमका त्या दिवशी वर ढग, सातशे मीटरवर जाऊन तीस मीटरच्या पुतळ्याची फक्त पावलं दिसली, पैसे गेले ते गेले. म्हणून सांगते, सकाळी उठून आधी पुतळा दिसतोय का ते बघा, दिसला तरच तिकीट काढा आणि निघा. वर जाणारी दातेरी रुळांची छोटी गाडी १८८४ पासून चालू आहे, पुतळा त्याच्या खूप नंतर, १९३१ मध्ये झाला.

साखरेच्या ढेपेसारखा दिसतो तो शुगरलोफ डोंगर, त्याचा रोपवे १९१२ पासूनचा. त्याचंही तिकीट महाग. पण तो रोपवे दोन टप्प्यांत जातो आणि पहिल्या टप्प्याच्या टेकडीवर, उर्काच्या, चालत जायला पायवाट आहे, ती फुकट. प्राया व्हर्मेल्या म्हणून छोटी चौपाटी आहे तिथनं सुरुवात होते. तरुण माणसं अर्ध्या-पाऊण तासात चढतात, आम्हाला सव्वा तास लागला, वाटेत इवली इवली माकडं. वरनं जे दिसतं ते बघून जाऊबाईंनी हात जोडले, आणि एक पैसा लागला नाही.

फुकट म्हणजे कमी दर्जाचं असं मनातनं काढून टाकायला हवं. पार्क लाजी फुकट. १८३७ साली स्थापन झालेलं पोर्तुगीज वाचनालय फुकट, आत छतापर्यंत पुस्तकंच पुस्तकं, मी तर तिथे अर्धा तास नुसती मान वर करून उभी होते. सेलारोनच्या रंगीत फरशांच्या २१५ पायऱ्या फुकट, एका चिली देशातल्या कलाकाराने १९९० पासून मरेपर्यंत त्या एकट्याने सजवल्या. आणि सोमवारी संध्याकाळी पेद्रा दो साल नावाच्या खडकाच्या पायथ्याशी सांबा, टेबलाभोवती वाजवणारे बसलेले, आजूबाजूला सगळी गल्ली गातेय. तिथनं थोडंसं चाललं की व्हालोंगोचा धक्का. आफ्रिकेतनं गुलाम म्हणून आणलेली अंदाजे नऊ लाख माणसं तिथे उतरवली गेली, २०११ मध्ये बंदराच्या कामात खणताना ते दगड पुन्हा वर आले आणि २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १८८८ ला. आदल्या रात्री ज्या गाण्यावर आपण टाळ्या वाजवल्या ते गाणं कुणाच्या घरातलं ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. तुमच्या लेखात कार्निव्हलच्या पिसांचे चार फोटो होते, या दगडांबद्दल एक ओळ नव्हती, ते मला फार खटकलं.

एक दिवस पाकेता बेटावर काढा, रिओच्या धक्क्यावरनंच बोट जाते, तासाभराचा प्रवास. खासगी गाड्यांना बंदी, सायकली आणि पायी, म्हणजे समुद्रातलं माथेरानच म्हणा.

खाण्याचं सगळ्या बायका पहिलं विचारतात. आम्ही दोघी पक्क्या शाकाहारी, भाची अंडं खाते. तिकडे किलोवर जेवण मिळतं, म्हणजे बुफे असतो, ताटात हवं ते वाढून घ्यायचं, ताट काट्यावर ठेवायचं, चिठ्ठी मिळते तेवढे पैसे. भात, भाज्या, कोशिंबिरी, तळलेली केळी, बटाटा सगळं असतं. पहिल्या दिवशी मी कलिंगडाच्या चार फोडी घेतल्या आणि काट्यावर आकडा बघून दचकले, तेव्हापासून फळं बाजारातनं आणि ताटात फक्त शिजवलेलं. एक मात्र नीट लक्षात ठेवा, त्यांची काळ्या घेवड्याची उसळ दिसायला आपल्यासारखी पण त्यात बऱ्याचदा डुकराचं मांस असतं, आणि नुसतं "मांस नको" म्हटलं तर त्यांना वाटतं गाईम्हशीचंच नको, चिकन चालेल, हॅम चालेल. एकेक नाव घेऊन विचारायचं. भाचीने मोबाइलवर पोर्तुगीजमध्ये लिहूनच ठेवलं होतं, ते दाखवायचो. चीजचे छोटे गोल पाव मिळतात ते छान, पण त्यात अंडं असतं. आमचा आधार म्हणजे तापियोका, रस्त्यावर तव्यावर घावनासारखं करून देतात, आत ओलं खोबरं नाहीतर चीज. ते ज्या कंदाच्या पिठाचं असतं त्याच कंदापासून आपला साबुदाणा होतो, आणि तो कंद मूळचा ब्राझीलकडचाच! जाऊबाईंची एकादशी त्याच्यावर निभावली.

भाषेची भीती अजिबात बाळगू नका. बेकरीत जाऊन जाऊबाईंनी सरळ "पाव" म्हटलं, काउंटरवरच्या मुलीला बरोबर कळलं. बटाटा बटाटाच, काजू काजूच, चावीला शावी, बालदीला बाउजी म्हणतात. १७३९ ला चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, फिरंगी गेले, पण शब्द आपल्या स्वयंपाकघरात राहिले ते असे तेरा हजार किलोमीटरवर कामाला आले. त्या मुलीला आम्ही खुणांनी सांगितलं की आमच्याकडेही हाच शब्द आहे, तर तिने आतनं तिच्या आईला बोलावून आणलं.

पैशांचं म्हणाल तर आम्ही गेलो तेव्हा त्यांचं एक रेआल म्हणजे आपले पंधरा ते सतरा रुपये होते. मेट्रोचं एक तिकीट शंभर रुपयांच्या वर जातं, म्हणून एका दिवशी एकाच बाजूची ठिकाणं करायची. कार्ड सगळीकडे चालतं, मेट्रोच्या गेटवर पण. चौपाटीवर शहाळंवाल्याकडे क्यूआर कोड, त्यांचं आपल्या यूपीआयसारखं पिक्स आहे, २०२० पासून, पण बाहेरच्या माणसाला ते सहज वापरता येत नाही, म्हणून थोडी रोख जवळ ठेवा. सोनं घरी ठेवून जा. आम्ही काळी पोत घातली होती, सोन्याचा मणीसुद्धा नाही, आणि रस्त्यात मोबाइल बाहेर काढायचा नाही, दुकानात शिरून बघायचं. एवढं पाळलं, आम्हाला कुणी त्रास दिला नाही.

मे महिना मी मुद्दाम सांगते कारण आपल्याकडे शाळांना सुट्टी असते आणि तिकडे उन्हाळा संपून हवा छान झालेली असते, कार्निव्हलची गर्दी आणि भाव उतरलेले. फक्त पहिला आठवडा टाळा. २०२४ मध्ये मॅडोनाचा आणि २०२५ मध्ये लेडी गागाचा कोपाकबानाच्या वाळूत फुकट कार्यक्रम झाला, दोन्ही मेच्या सुरुवातीला, अशा वेळी खोल्यांचे भाव कुठल्या कुठे जातात.

आणि आता जी गोष्ट तुम्ही लेखात चौकट करून छापायला हवी होती ती. पिवळ्या तापाची लस. ब्राझीलहून परतताना भारत सरकारला लसीचा दाखला लागतो, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. आम्ही पहिल्यांदा ज्या एजंटकडे गेलो तो म्हणाला, "काही लागत नाही ताई, करोना संपला आता." त्याच्यावर विसंबलो असतो तर उतरल्यावर घरी जायच्या ऐवजी कुठे गेलो असतो कोण जाणे. पतपेढीत आमचे एक खातेदार जहाजावर होते, त्यांनी सहज बोलता बोलता विचारलं, "पिवळं पुस्तक काढलं का?" म्हणजे लसीच्या दाखल्याचं पुस्तक, तेव्हा कळलं. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या केंद्रावरच, आधी नंबर लावावा लागतो, आणि घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात जाग येऊन उपयोग नाही. एकदा घेतली की जन्मभर चालते. साठीच्या पुढच्यांनी किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं, मगच तिकीट. जाऊबाई अठ्ठावन्नच्या, तरी आम्ही विचारलं.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशा लेखाबरोबर रुपयांतला खर्च द्या, व्हिसाचं आणि लसीचं द्या, आणि एका शहरात दहा दिवस राहून आलेल्या साध्या माणसांनाही लिहायला सांगा. आमच्यासारखे बरेच जण असतील.

भिशीतल्या आणखी तिघींचं पुढच्या वर्षीच्या मेचं ठरतंय. त्यातल्या एकीची सासू पासष्टची आहे, तिलाही यायचंय, तिला मी परवाच डॉक्टरांकडे पाठवलंय.

आपली नियमित वाचक,
नेरुळ, नवी मुंबई