पेटी आहे, किल्ली कुणाकडे?

‘घरोघरी हवी प्रथमोपचार पेटी’ हा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. यादी चोख आहे, पण भरलेली पेटी पुढे सांभाळायची कुणी, याबद्दल लेखात अवाक्षर नाही. गेल्या गणेशोत्सवात आमच्या सोसायटीत मांडव घालताना एका मुलाचा तळहात पत्र्याने कापला. पेटी होती, पण कुलूपबंद. किल्ली गावी गेलेल्या वॉचमनकडे. कुलूप फोडले तेव्हा आत आयोडीनची सुकून गेलेली बाटली, डिंक सुटलेल्या चिकटपट्ट्या आणि (का कोण जाणे) वर्गणीची जुनी पावतीपुस्तके निघाली. शेवटी कुणीतरी घरातून धुतलेला पंचा आणला, जखमेवर घट्ट दाबून धरला, तेव्हा रक्त थांबले.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने हा घोळ आधीच ओळखला होता. त्याच्या ४५ व्या कलमात दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी सांगितली होती. शिवाय ती प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेल्या, कामाच्या वेळेत हजर राहणाऱ्या जबाबदार व्यक्तीकडे असावी आणि तिच्यात ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज काहीही ठेवू नये, असेही बजावले होते. पावतीपुस्तके तर नाहीच नाही!

सोसायट्यांनी आणि शाळांनी निदान एवढे करावे: पेटीला कुलूप नको, झाकणावर सांभाळणाऱ्याचे नाव व शेवटच्या तपासणीची तारीख हवी. आमच्या पेटीवर सध्या फक्त देणगीदाराचे नाव आहे.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)