कोरफडीवर फवारा मारायच्या आधी एवढं तरी विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरचं शेतीचं पान मी नेमानं वाचतो, द्राक्ष डाळिंब कांदा सगळं येतं पण कोरफडीवर कधी वाचल्याचं आठवत नाही म्हणून लिहितोय. फलटण भागात माझी २० गुंठे कोरफड आहे. गेल्या वर्षी परतीच्या पावसानं आठवडाभर मुक्काम ठोकला आणि खालच्या पानांवर ठिपके दिसायला लागले. आधी टाचणीच्या डोक्याएवढा पाणथळ डाग, चार-पाच दिवसांत मसुराएवढा, तांबूस तपकिरी, बोट फिरवलं की खड्डा लागतो. वास नाही, पान मऊ नाही. हे महत्त्वाचं आहे कारण घाण वास येऊन पान पिचपिचीत झालं तर ती सड असते, बहुतेक वेळा जिवाणूची, तिला बुरशीनाशक मारून काही उपयोग नाही. माझ्याकडची अल्टरनेरिया बुरशी निघाली.

दुकानात गेलो तर पान न बघताच दोन पुड्या आणि एक टॉनिक हातात दिलं, टोमॅटोला चालतं ते हिला पण चालेल म्हणाले. घरी येऊन पाकिटावरची पिकांची यादी वाचली, त्यात कोरफड नव्हतीच! अहो टोमॅटोचं पान कोणी खात नाही, पण कोरफडीचं पान हेच पीक आहे, त्याचा गर लोक पितात, लहान पोरांच्या भाजलेल्या जागेवर लावतात. हा प्रश्न दुकानदाराला पडायला नको का?

मी फवारलंच नाही. डागाची पानं बुडापासून कापली, पान कोरडं असतानाच, दर झाडानंतर विळा स्पिरिटनं पुसून, आणि ती बांधावर न टाकता लांब नेऊन पुरली. बांधावर टाकली की तिथूनच बुरशीचे बीजाणू पावसाच्या शिंतोड्यांनी परत पिकावर येतात. झाडाभोवती पिल्लांची, म्हणजे बुडातून फुटलेल्या छोट्या रोपांची, एवढी गर्दी झाली होती की खाली वाराच जात नव्हता, ती काढून दोन-दोन फुटांवर मोकळं केलं. आणि खरी चूक माझीच होती, तुषार सिंचन. पानाच्या बेचक्यात रात्रभर पाणी साचून राहायचं. आता ठिबक केलंय आणि माती वाळल्याशिवाय पाणी सोडत नाही. जुने डाग जात नाहीत हे खरं, पण मधून निघालेली नवी पानं स्वच्छ आलीत.

कोणाच्या प्लॉटवर रोग फारच पसरला तर मॅन्कोझेब नाहीतर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरभर पाण्याला २.५ ग्रॅम असं सांगतात, पण मग ती पानं तोडून विकायची कधी, किती दिवस थांबायचं, हे कोणीच सांगत नाही. कुंडीतल्या दोन झाडांना तर औषध लागतच नाही, डागाळलेली पानं काढा, पाणी मातीत घाला, कुंडी हवेशीर ठेवा, बास.

माझी विनंती एवढीच की जूनच्या आत राहुरी कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडून कोरफडीवर एक लेख घ्या, आणि त्यात फवारणीनंतर किती दिवसांनी पान तोडायचं हे ठळक अक्षरात छापा.

आपला,
एक कोरफड उत्पादक, ता. फलटण, जि. सातारा