ताई, ती बाटली आता फॉइलमध्ये असते

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं, काम कर" म्हणून फोन ठेवता. म्हणून हे असं, सगळ्यांसमोर.

गेल्या उन्हाळ्यात नांदेडला माझा एकच प्रयोग चार वेळा फसला. आरपीओ-बी या जनुकाशिवाय जंतू जगतच नाही. रिफॅम्पिसिन, म्हणजे टीबीच्या पेशंटची लघवी लाल करणारी गोळी, त्याच जनुकाच्या प्रथिनाला धरते. असं जनुक काढून टाकलं तर अभ्यासाला जंतूच उरत नाही. म्हणून क्रिस्पर-आय: कात्री बोथट केलेलं डीकॅस9 हे प्रथिन जनुकावर नेऊन बसवायचं आणि त्याचं वाचन अडवायचं. ते डीकॅस9 कधी बनू द्यायचं, हे टेट रिप्रेसर या दुसऱ्या प्रथिनाच्या हातात. एरवी तो डीएनएला चिकटून बसतो, अनहायड्रोटेट्रासायक्लीन हे औषध मिळालं की सुटतो. आपल्या गल्लीतला व्हॉल्व्हवालाच तो, चहा पाजल्याशिवाय पाणी सोडत नाही.

माझा व्हॉल्व्हवाला मात्र चहा पिऊनही ढिम्म. औषध घातलेली प्लेट आणि न घातलेली प्लेट, दोन्हींवर माझा जंतू, स्मेग्मॅटिस, सारखाच दाट. (बरं, हा टीबीचा गरीब चुलत भाऊ तीनेक तासांत दुप्पट होतो, खुद्द टीबीच्या जंतूला जवळपास अख्खा दिवस लागतो. त्याच्यावर चार वेळा फसले असते तर वर्ष गेलं असतं.) डीकॅस9ला जनुकापर्यंत नेणारा गाईड आरएनएच चुकलाय असं ठरवून मी नवा मागवायला निघाले होते.

तुम्ही एवढंच विचारलंत, "बाटली ठेवलीस कुठं?"

खिडकीत. मे महिन्यात. नांदेडात.

"लेकरा, औषध कधीच मेलंय अन् तू जंतूला बोल लावू लागलीस." टेट्रासायक्लीनच्या घराण्याला उजेड सोसत नाही, हे मी परीक्षेत लिहिलं होतं! दुसऱ्या दिवशी संभाजीनगरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं थर्माकोलचा डबा आला. आत फॉइल गुंडाळलेली इवलीशी नळी आणि चिठ्ठी: लांबच्या प्रयोगात मधूनमधून औषध पुन्हा घाल, आणि औषधाविना नळ किती ठिबकतो तेही मोज.

मोजलं. थोडा ठिबकतो, म्हणजे औषधाविनाही थोडं डीकॅस9 बनतंच.

चौथ्या दिवशी औषधाची प्लेट कोरी निघाली. सरांना दाखवण्याआधी फोटो तुम्हाला पाठवला, हे त्यांना सांगू नका. कोरी म्हणजे, जंतूंच्या पाच वसाहती सोडून. त्यांचं डीकॅस9 बिघडलं असावं असा माझा अंदाज आहे. फ्रीझरमध्ये ठेवल्यात. रविवारी फोन करते, उचला.

तुमची,
नांदेडची लेकरू